आखूड हाताच्या पोराला कुणाच्या जुन्या लढती दाखवू? फ्रेझर, टायसन की मार्सियानो?

मेहरूणचा_मास्तर

राम राम मंडळी. जळगावात सकाळ-संध्याकाळ पोरांना बॉक्सिंग शिकवतो. मूळचा मी तालमीतला, लाल मातीतून इकडे आलो. आज एक अडचण घेऊन आलोय. इथे जुन्या लढती पाहणारे बरेच जाणकार आहेत, म्हणून विचारतो.

माझ्याकडे बोदवडकडचा एक पोरगा आहे. वय सतरा, उंची पाच फूट नऊ इंच, वजन ९६ किलो. पोट सुटलेलं नाही, सगळं अंग कामाचं. कापसाची गोणी खांद्यावर टाकून ट्रॉलीत चढवणारं पोर आहे. पण हात आखूड. मोठ्या वजनात समोर येणारी पोरं सहा फुटांच्या वरची असतात. ती लांबूनच जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारत राहतात आणि हा तीन राउंड त्यांच्या मुठीच्या टोकावर उभा राहतो. मागच्या महिन्यात एका स्पर्धेत हेच झालं. परतीच्या गाडीत गप्प बसून होता. पाचोरा गेल्यावर हळूच म्हणाला, "सर, आता माझे हात वाढणार नाहीत ना?"

मला त्याला उत्तर देता आलं नाही.

सगळ्या पोरांप्रमाणे तोही मोबाईलवर अलीच्या लढती पाहतो आणि सरावात हात खाली सोडून नाचायला जातो. माझं स्पष्ट मत आहे की अली हा बघायचा बॉक्सर आहे, शिकवायचा नाही. निदान या पोराला तरी नाही. मग जुन्या हेवीवेटपैकी, म्हणजे सर्वांत जड गटातल्या बॉक्सरांपैकी, कोण दाखवू? शरीर, कसब, लढायची पद्धत, तिन्हींचा विचार करून सांगा.

भुसावळ_जंक्शन

टायसन. विषय संपला.

तापीकाठचा

जंक्शनभाऊ, विषय आत्ता सुरू झालाय, पण नाव बरोबर आहे. टायसनची उंची पाच फूट दहा इंच आणि हातांचा पल्ला, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंतची लांबी, ७१ इंच. मास्तरांच्या पोराच्या अगदी जवळ. २२ नोव्हेंबर १९८६ ला त्याने ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या राउंडमध्ये झोपवलं तेव्हा तो वीस वर्षांचा होता. त्याच्याइतक्या लहान वयात हेवीवेटचा किताब कुणी जिंकलेला नाही.

लोक त्याची ताकद बघतात. मी म्हणतो, डोकं बघा. एका जागी एक क्षण थांबत नाही. दोन्ही ग्लोव्ह गालाला चिकटलेले, कोपरं बरगड्यांशी, आणि कमरेच्या वरचं अंग घड्याळाच्या लंबकासारखं डाव्या-उजव्या बाजूला. कस डमॅटो नावाच्या म्हाताऱ्या वस्तादाने त्याला हे घडवलं. समोरच्याचा जॅब चुकवायचा, आणि चुकवताना पाय असे ठेवायचे की त्याच हालचालीतून आपला ठोसा निघाला पाहिजे. उजवा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, बरगडीत, लगेच त्याच हाताने हनुवटीखाली अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा ठोसा. समोरचा पोट झाकायला हात खाली आणतो आणि तिथेच फसतो.

मास्तर, टायसनच्या १९८८ पर्यंतच्याच लढती दाखवा. जून ८८ मध्ये मायकेल स्पिंक्सला त्याने ९१ सेकंदांत संपवलं. त्यानंतरचा टायसन डोकं हलवायचं विसरत गेला.

धुळेकर_नाना

मास्तर, वयाने मोठा आहे म्हणून बोलतो, राग मानू नका. "अली शिकवायचा नाही" हे वाक्य मला खटकलं.

३० ऑक्टोबर १९७४. किन्शासात पहाटे चारला लढत होती, म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेआठ. तेव्हा मी धुळ्यात आग्रा रोडवर काकांच्या सायकलच्या दुकानात कामाला होतो. आम्ही फळ्या काढत होतो आणि तिकडे अली तेव्हाच्या जगज्जेत्या जॉर्ज फोरमनसमोर उभा होता. निकाल आम्हाला संध्याकाळी रेडिओवर कळला. आठव्या राउंडमध्ये फोरमन खाली. काकांनी दुकानातल्या सगळ्यांना चहा पाजला. काकांना बॉक्सिंगमधलं काही कळत नव्हतं, पण व्हिएतनामच्या लढाईला जायला नकार दिला म्हणून ज्याचा किताब काढून घेतला, त्या माणसाने तो परत मिळवला, एवढं त्यांना कळलं होतं.

पुढे व्हिडिओ कॅसेटवर ती लढत कितीदा पाहिली असेल. अली नाचला फक्त पहिल्या राउंडमध्ये. मग बत्तीस वर्षांचे पाय हे आठ-दहा राउंड ओढणार नाहीत हे ओळखून तो दोरांना टेकला. कोपरं पोटाशी, ग्लोव्ह चेहऱ्यावर. फोरमनचे ठोसे दंडांवर घेतले आणि मधूनमधून सरळ उजवा तोंडावर. दमट उकाडा, सैल दोर, आणि फोरमनला तीन-चार राउंडच्या पुढे लढायची सवयच राहिली नव्हती. वैशाखात दुपारी बैल जसा धापा टाकतो तशी त्याची गत झाली.

हात खाली सोडणं शिकवू नका, मान्य. पण समोरच्याची ताकद त्याच्यावरच उलटवणं पोराला दिसू द्या.

केळीबाग_रावेर

सतरा वर्षं आणि ९६ किलो! मास्तर, पोराचा खुराक काय आहे ते आधी सांगा.

मेहरूणचा_मास्तर

@केळीबाग, कळण्याची भाकरी, ठेचा, दूध आणि तुमच्याकडची केळी. घरची परिस्थिती साधी आहे, पण आई उपाशी उठू देत नाही.

@नाना, राग कसला? चुकलं माझं. "हात खाली सोडणारा अली" म्हणायला हवं होतं.

लालमाती

मी कुस्तीवाला. बॉक्सिंग बघतो ते मल्लाच्या नजरेने. या सगळ्यांत मला आपला वाटतो तो ज्यो फ्रेझर.

फ्रेझर पाच फूट साडेअकरा इंच. अली त्याच्यापेक्षा चार बोटं उंच, पल्ला पाच इंच जास्त. तरी ८ मार्च १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंधरा राउंड लढून त्याने अलीला पहिली हार दाखवली. पंधराव्या राउंडमध्ये डाव्या हुकने पाडलंसुद्धा. अली लगेच उठला, ती गोष्ट वेगळी.

फ्रेझरचं आत शिरणं बघा. आपण पट काढायला जसे शिरतो तसंच. गुडघ्यातून खाली, हनुवटी छातीला, आणि पावलं थांबत नाहीत. लांब हाताच्या माणसाला त्याचा हात लांब करायला अंतर लागतं. फ्रेझर ते अंतरच खाऊन टाकायचा. एकदा छातीला छाती भिडली की लांब हात ही अडचण होते आणि आखूड हात कामाला येतो. दस्ती पकडून चिकटलेल्या बुटक्या मल्लापुढे उंच मल्लाचे पाय कसे अडखळतात, तसंच.

आणि मास्तर, पोराला फ्रेझरच्या डाव्या हाताची गोष्ट सांगा. लहानपणी दक्षिण कॅरोलिनात शेतावर एक डुक्कर त्याच्या मागे लागलं. पळताना तो पडला, डावा हात दुखावला. घरात डॉक्टरला द्यायला पैसे नव्हते. हात तसाच वाकडा बसला आणि आयुष्यभर पूर्ण सरळ झाला नाही. पण तो वाक हुकला लागतो तेवढाच होता! ज्या हाताने अलीला पाडलं तो हा हात.

भुसावळ_जंक्शन

लालमाती भाऊ, ही गोष्ट माहीत नव्हती. अंगावर काटा आला.

तापीकाठचा

फ्रेझरबद्दल आदर आहेच, पण नाण्याची दुसरी बाजूही पोराला कळली पाहिजे. २२ जानेवारी १९७३, किंग्स्टन, जमैका. फोरमनने फ्रेझरला दोन राउंडमध्ये सहा वेळा पाडलं. कारण हेच, वाकून सरळ पुढे येणं. फोरमन दोन्ही तळव्यांनी त्याला ढकलून हवं तेवढं अंतर करायचा आणि खालून अपरकट. खाली वाकलेल्या डोक्यासाठी अपरकट म्हणजे विहिरीतून वर येणारी बादली. टायसनलाही फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसने आधी लांब जॅबने थोपवलं आणि दहाव्या राउंडमध्ये अपरकटनेच उघडा पाडला. डग्लसचा पल्ला ८३ इंच, टायसनपेक्षा पूर्ण बारा इंचांनी जास्त.

म्हणून आत शिरणं फ्रेझरचं घ्या, पण डोक्याचं हलणं टायसनचं.

अहिराणी_बोल

पोऱ्याले सांगा भो, हात आखूड शेतस ते काय व्हयनं? कायीज मोठं पाहिजे!

पुण्यातला_खान्देशी

आखूड हातांबद्दल बोलायचं तर रॉकी मार्सियानोला वगळून चालणार नाही. पल्ला ६८ इंच, वजन ८५ किलोच्या आसपास. ४९ लढती, ४९ विजय, त्यांतले ४३ नॉकआऊट. १९५६ मध्ये न हरता निवृत्त झाला. वस्ताद चार्ली गोल्डमनने त्याला उंच करायचा प्रयत्नच केला नाही, उलट आणखी खाली वाकायला शिकवलं. १९५२ मध्ये जर्सी ज्यो वॉलकॉटविरुद्ध बारा राउंडपर्यंत गुणांवर मागे होता आणि तेराव्यात एका उजव्या ठोशाने किताब घेतला.

पण खरं बोलायला हवं. आज व्यावसायिक हेवीवेटची हद्द २०० पौंडांनंतर, म्हणजे जवळपास ९१ किलोंच्या पुढे सुरू होते. मार्सियानो आजच्या हिशोबाने हेवीवेटच नाही. लेनक्स लुईस सहा फूट पाच इंच, पल्ला ८४ इंच. क्लिट्श्को बंधू त्याहून उंच. टायसन फ्युरी सहा फूट नऊ. या माणसांपुढे जुने लोक टिकले नसते असं मला वाटतं. काळ बदलला, शरीरं बदलली.

लालमाती

खान्देशी भाऊ, मग युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकचं काय? सहा फूट तीन इंच, खालच्या क्रूझरवेट गटातून वर आलेला. मे २०२४ मध्ये रियाधमध्ये त्याच सहा फूट नऊच्या फ्युरीला त्याने हरवलं आणि डिसेंबरमध्ये परत हरवलं. वजनात पंधरा किलोंपेक्षा जास्त फरक होता. नुसत्या शरीरावर निकाल लागत असता तर लढत घेतलीच कशाला असती? वजनकाट्यावर उभं करून हात वर केला असता.

पुण्यातला_खान्देशी

मुद्दा मान्य. पण उसिकचे पाय बघा. तो डावखुरा आहे आणि बारा राउंड पायांवर नाचतो. आपल्या पोराला ते जमणार नाही.

धुळेकर_नाना

जुने टिकले नसते म्हणता, मग जॉर्ज फोरमन? १९७४ ला अलीकडून हरला, १९७७ मध्ये रिंग सोडली, मग दहा वर्षं हातात ग्लोव्ह घातले नाहीत, आणि ५ नोव्हेंबर १९९४ ला वयाच्या ४५ व्या वर्षी मायकेल मूररला दहाव्या राउंडमध्ये एका छोट्याशा उजव्या ठोशाने पाडून किताब घेतला. मूरर त्याच्यापेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी लहान. मार्च २०२५ मध्ये फोरमन गेला तेव्हा मला काकांच्या दुकानाचीच आठवण झाली. ज्याच्या हरण्यावर आम्ही चहा प्यायलो, त्याच्या जाण्याने डोळे भरून आले.

भुसावळ_जंक्शन

नाना, एक प्रश्न. ऐन भरातला अली आणि ऐन भरातला टायसन. कोण?

धुळेकर_नाना

अली. पण १९७४ चा नाही, १९६६ चा. नोव्हेंबर ६६ मध्ये ह्यूस्टनला क्लीव्हलँड विल्यम्ससमोरचा अली बघा. मागे सरकता सरकता मारतो आणि समोरच्याला कळतही नाही. पुढे मार्च ६७ ते ऑक्टोबर ७० अशी साडेतीन वर्षं त्याला लढू दिलं नाही. ते पाय परत आलेच नाहीत. आपण ज्याला महान म्हणतो तो बहुतेक वेळा त्या पायांशिवायचा अली आहे.

तापीकाठचा

मी टायसनवाला, तरी नानांशी सहमत. पण असल्या प्रश्नांना एकच उत्तर नसतं. फ्रेझरने अलीला हरवलं, फोरमनने फ्रेझरला चिरडलं, अलीने फोरमनला हरवलं. आणि केन नॉर्टनने मार्च ७३ मध्ये अलीचा जबडा मोडला, त्याच नॉर्टनला फोरमनने पुढच्या वर्षी कराकासला दोन राउंडमध्ये उडवलं. कोण कुणापेक्षा मोठा यापेक्षा कुणाची पद्धत कुणाला अडते, हे महत्त्वाचं.

केळीबाग_रावेर

अली भारतात आला होता ना कधीतरी?

धुळेकर_नाना

हो, १९८० मध्ये. दिल्लीत पंजाबच्या कौर सिंगशी प्रदर्शनीय लढत झाली. कौर सिंग लष्करातले, पुढे १९८२ च्या आशियाई स्पर्धेत हेवीवेटचं सुवर्ण त्यांनीच आणलं. अलीसमोर रिंगमध्ये उभा राहिलेला आपला माणूस, आणि आपल्याकडे किती जणांना नाव ठाऊक आहे? मास्तर, हेही पोरांना सांगा.

अमळनेरची_लेक

सगळा धागा वाचला. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझा भाऊ कॉलेजात असताना बॉक्सिंग करायचा, म्हणून लिहिते.

तुम्ही सगळे फ्रेझरचं "पुढे येणं" दाखवा म्हणताय. पुढे येणारा बॉक्सर मार खात पुढे येतो. १ ऑक्टोबर १९७५ ला मनिलात अलीशी लढताना चौदाव्या राउंडनंतर फ्रेझरचे डोळे मिटत आले होते. वस्ताद एडी फच यांनी त्याला पंधराव्यासाठी उठू दिलं नाही. फ्रेझर नको नको म्हणत होता, पण त्या माणसाने लढत थांबवली. मला विचाराल तर त्या दिवसाचा सर्वांत मोठा माणूस फच. अलीला पुढे पार्किन्सन्स झाला. जेरी क्वारी तर त्याच काळातला हेवीवेट, पन्नाशीतच त्याला स्वतःच्या हाताने जेवता येईना, १९९९ मध्ये त्रेपन्नाव्या वर्षी गेला.

माझ्या भावाला एकदा सरावात डोक्याला मार लागला. दोन दिवस मळमळत होतं. तिसऱ्या दिवशी त्याला परत ग्लोव्ह चढवायला लावले. कुणीच "थांब" म्हणालं नाही. आजही त्याचं डोकं दुखलं की आई घाबरते.

मास्तर, तुमच्या पोराला "थांब" म्हणणारं कुणी आहे का?

मेहरूणचा_मास्तर

ताई, तुमचा प्रश्न दोन दिवस मनात घोळत होता, म्हणून उशिरा लिहितोय.

आमच्याकडे समोरासमोरचा सराव आठवड्यातून एकदाच, हेडगार्ड घालून, अर्ध्या जोराने. डोक्याला जोरात लागलं तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत पोराच्या हातात ग्लोव्ह नाहीत, मग स्पर्धा कितीही जवळ असो. पण हे मी पोरांना कधी नीट समजावून सांगितलं नव्हतं, फक्त करत होतो. काल सगळ्यांना बसवून सांगितलं. फच यांचीही गोष्ट सांगितली. आणि पोराच्या आईला बोलावून घेतलं. तिला म्हणालो, घरी आल्यावर हा वेगळा वागला, जास्त झोपला, चिडला, उलटी झाली, तर मला रात्री बाराला फोन करा.

अमळनेरची_लेक

मास्तर, आभारी आहे. आता फ्रेझर दाखवा.

सातपुडा

उशिरा आलो. एक गोष्ट कुणीच बोललं नाही. जॅब! आखूड हाताच्याला जॅब लागत नाही हा मोठा गैरसमज आहे. लॅरी होम्सचा जॅब हेवीवेटमधला सर्वोत्तम म्हणतात आणि तो लांब हाताचा होता हे खरं. पण तरुण टायसनची लढत मंद करून बघा. आत शिरायच्या आधी एक कडक, वर जाणारा जॅब असतोच. उंच माणसाच्या छातीवर किंवा गळ्याच्या खाली. तो गुणासाठी नसतो, समोरच्याची टाच मागे टेकवण्यासाठी असतो. टाच टेकली की त्याचा स्वतःचा जॅब निघत नाही. नुसतं डोकं हलवून आत गेलं की मधल्या दोन पावलांत मार बसतोच. ती दोन पावलं जॅबच्या आडोशाने टाकायची.

दुसरं, वाकायचं ते गुडघ्यातून, कमरेतून नाही, आणि नजर समोरच्याच्या छातीवर. जमिनीकडे पाहिलं की अपरकट दिसतच नाही. शिवाय हौशी स्पर्धेत समोरच्याच्या पट्ट्याच्या खाली डोकं गेलं तर पंच ताकीद देतो. मार्सियानोसारखं वाकायला शिकवाल तर पोरगं ताकिदीतच हरेल.

तापीकाठचा

सातपुडा भाऊ, इतके दिवस कुठे होता? धाग्यातलं सगळ्यात कामाचं तुम्ही सांगितलंत.

लालमाती

+१. वस्तादाचं बोलणं.

मेहरूणचा_मास्तर

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. धागा वर काढल्याबद्दल माफ करा, पण सांगितल्याशिवाय राहवेना.

हॉलमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी बांधली, पोराच्या खांद्याच्या उंचीवर. जॅब, पाऊल, गुडघ्यातून खाली, दोरीच्या पलीकडे वर, परत जॅब. पहिल्या दिवशी कमरेतूनच वाकायचा, दोरी डोक्याला घासायची. उन्हामुळे सकाळी साडेपाचलाच सुरू करतो, तरी सातपर्यंत पोरगं घामाने निथळतं.

पहिल्या आठवड्यात व्हिडिओ काही दाखवला नाही. मग एका संध्याकाळी ७१ च्या फ्रेझरचा पहिला राउंड लावला आणि गप्प बसलो. पोराने तीनदा पाहिला. मग वाकड्या हाताची गोष्ट सांगितली. तो काही बोलला नाही, पण रात्री त्याच्या आईचा फोन आला. मी घाबरलो, ताईंनी सांगितलेलं सगळं डोळ्यांपुढे आलं. तर ती म्हणाली, "सर, हा आरशासमोर डावा हात वाकवून उभा आहे अर्ध्या तासापासून, काही झालंय का याला?"

परवा सरावात सहा फूट दोन इंचाच्या पोरासमोर उभा केला. पहिल्या राउंडमध्ये नेहमीसारखाच लांबून खाल्ला. दुसऱ्यात एकदा, फक्त एकदाच, जॅब छातीवर बसला, त्या पोराची टाच टेकली आणि हा आत होता. बरगडीवर डावा हुक. हॉलमधली सगळी पोरं ओरडली. मीच घंटा वाजवायची विसरलो.

पुढच्या महिन्यात भुसावळला स्पर्धा आहे.

भुसावळ_जंक्शन

आमच्या गावात! मास्तर, तारीख टाका. पहिल्या रांगेत बसणार.

केळीबाग_रावेर

रावेर-भुसावळ काय लांब आहे? मीही येतो. पोरासाठी केळीचा एक घड घेऊन येईन. मास्तर, पिकलेली आणू की चार दिवस टिकतील अशी?

मेहरूणचा_मास्तर

टिकतील अशी आणा. वजन झाल्याशिवाय त्याला देणार नाही.